मुलीच्या तोंडून नको

तिला हाक मारायची तर हनुवटीच्या डाव्या बाजूला बोट टेकवायचं. तिथं तिला ठसठशीत तीळ होता आणि तोच तिचं नाव होता. कर्णबधिर मंडळींत कागदावरचं नाव कुणी वापरत नाही. माणसात जे पटकन डोळ्यांत भरतं, तेच नाव होऊन बसतं. ऐकू येणारे लोक मात्र तिला दुभाषीबाई म्हणत.

आईबाप दोघंही जन्मापासून बहिरे. बाप सुतार, दारं-खिडक्या करणारा. पोर ऐकणारी निघाली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "चला, आता घराला तोंड फुटलं." ते खरंच झालं. तिच्या वयाच्या पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा ही बापाचं बोट धरून कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभी असायची. टाचा उंचावून आत बघायची आणि म्हणायची, "माझे बाबा म्हणतात की..." हे चार शब्द तिनं इतक्यांदा उच्चारले होते की, झोपेत कुणी हलवून उठवलं असतं तरी आधी तेच बाहेर पडले असते.

पुढे तिनं या बोलण्याचाच पेशा केला. रीतसर शिकली, परीक्षा दिली, दवाखान्यांत, कोर्टात, कचेऱ्यांत खुणांच्या भाषेची दुभाषी म्हणून जाऊ लागली. कामाचा नियम सरळ होता. हातांनी सांगितलेलं तोंडानं बोलायचं, कानांवर पडलेलं हातांनी दाखवायचं. पदरचं काही घालायचं नाही. कुणी शिवी दिली तर शिवीच पोचवायची.

अशात ते विधेयक आलं. कर्णबधिरांसाठी नवा कायदा व्हायचा होता. त्यातली एक गोष्ट सगळ्यांनाच हवी होती. सरकारी दवाखान्यांत बहिरा माणूस आला की, दुभाषी बोलावणं बंधनकारक होणार होतं. दुसरी गोष्ट मात्र घशात अडकणारी होती. बहिऱ्या माणसानं घर, दुकान, जमीन असं काहीही घेतलं किंवा विकलं, तर त्याच्या सहीखाली ऐकू येणाऱ्या नातेवाइकाची सही लागेल, असं एक कलम होतं. हेतू वाईट नव्हता. बहिऱ्यांना फसवून सह्या घेतल्याची प्रकरणं गाजली होती, म्हणून कुणीतरी भल्या मनानं ते घातलं होतं. पण भल्या मनानं घातलेला जोडाही चावतोच.

सभागृहानं ते विधेयक तपासायला समितीकडे धाडलं. लोकांचं म्हणणं ऐका, कलमं पारखा आणि अधिवेशन संपायच्या आत अहवाल द्या, असा आदेश होता. समितीच्या अध्यक्ष होत्या एक वयस्क बाई. राजकारणात येण्याआधी त्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना भूल द्यायच्या. आवाज खालचा, चाल सावकाश. त्यांच्या शेजारी बसणारे एक सभासद पेशानं बांधकाम कंत्राटदार होते. माणूस मनानं दिलदार, पण प्रत्येक गोष्ट स्लॅब टाकायच्या घाईनं बघणारा.

समितीची खोली लांबट होती. मध्ये अंडाकृती टेबल, झाकण घातलेले पाण्याचे ग्लास, बोलायला लागलं की लाल होणारे माइकचे दिवे. दुभाषीबाई साक्षीदाराच्या समोर, सभासदांकडे पाठ होणार नाही अशी तिरकी बसायची. इतर समित्यांत माणूस येतो, बोलतो आणि जातो. इथं मात्र प्रत्येक वाक्य दोनदा जगायचं, एकदा हातांत आणि एकदा तोंडात. त्यामुळे वेळ दुपटीनं लागायचा. कंत्राटदार सभासद खुर्चीत चुळबुळ करायचे. साक्षीदार उरलेच होते आणि अधिवेशन संपत आलं होतं.

एका बैठकीनंतर समितीच्या सचिवांनी पुढच्या साक्षीदारांची नावं वाचून दाखवली. त्यांत एक सुतार होते. ती म्हणाली, "साहेब, हे माझे वडील आहेत. त्यांच्यासाठी मला दुभाषी म्हणून बसता येणार नाही. आमच्या कामात घरच्या माणसाचं करत नाहीत."

कंत्राटदार सभासद जायला उठले होते, ते थांबले. "अहो, मग तर उत्तमच की! बापाच्या मनातलं मुलीइतकं कुणाला कळणार? नियम कुठं घेऊन बसता?"

सचिवही म्हणाले, "सगळ्यांची हरकत नसेल तर नोंद करून पुढे जाऊ. दुसरा दुभाषी आणायचा कुठून या घाईत?"

तिलाही मनातून ते पटत होतं. लहानपणापासून हेच तर करत आलो, आता एकदा आणखी. संध्याकाळी ती बापाच्या दुकानात गेली. तो एका फळीवर रंधा मारत होता. तिनं बल्ब दोनदा उघडझाप केला, तशी त्यानं मान वर केली. तिनं सगळं सांगितलं.

खुणांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं नसतं. बोट समोर दाखवलं की झालं. बापाला आपण 'तू' म्हणतो की 'तुम्ही', हे तिला शब्दांत कधी सांगता आलं नसतं. तिनं बोट समोर केलं आणि विचारलं, "मग मीच बोलू ना तुझ्यासाठी?"

बाबांनी हातांवरचा भुसा झटकला. "नको. माझी साक्ष मुलीच्या तोंडून नको."

"का? माझं काही चुकतं का?"

"चुकत नाही. पण तू बोलायला लागलीस की, सगळे तुझ्याकडे बघतात. मी तुझ्या शेजारी उभा असतो, जशी ती भिंतीला टेकलेली फळी उभी आहे. लोक तुला विचारतात, 'त्यांना काय हवंय?' जन्मभर असंच झालं. आता ते कलम म्हणतं की, सहीलासुद्धा मुलगी हवी. त्याविरुद्ध बोलायला जाऊ आणि मुलीलाच पुढे करू? लोक हसतील."

"दुसरा दुभाषी लांबच्या शहरात असतो. मास्तर आहे तो, परीक्षा संपल्याशिवाय येणार नाही. तोवर समितीची मुदत संपेल."

"मग थांबतील."

"बाबा, कायदे असे कुणासाठी थांबत नाहीत."

"मग माझ्याशिवाय करतील," बाबांनी खांदे उडवले. "आजवर केलेच की." आणि ते परत रंध्याकडे वळले. बहिऱ्या माणसानं नजर वळवली की, बोलणं संपतं. वाद घालायला समोरचा उरतच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं हे सचिवांच्या कानांवर घातलं, सचिवांनी अध्यक्षबाईंच्या. बैठक भरली तेव्हा अध्यक्षबाईंनी तिलाच विचारलं, "तुमचं काय मत आहे?"

"इथं मला मत नसतं, मॅडम."

"मुलगी म्हणून विचारत नाही. या कामातली जाणती म्हणून विचारते. त्यांची मागणी वाजवी आहे का?"

हो म्हटलं तर बापासाठी वशिला लावल्यासारखं दिसणार, नाही म्हटलं तर खोटं होणार. शेवटी म्हणाली, "मला अडचणीची आहे. पण वाजवी आहे."

"अहो, एका सुतारासाठी अख्खं विधेयक लटकवायचं?" कंत्राटदार सभासद म्हणाले. "उद्या म्हणतील, मुद्दाम रखडवलं. पेपरवाले सोडतील का आपल्याला?"

अध्यक्षबाई हसल्या. "मी भूल द्यायचे तेव्हा आमचे सर्जनही असेच घाई करायचे. रुग्ण पुरता झोपलेला नसायचा आणि यांचा हात सुरीकडे. सुरी त्यांची, कबूल. पण 'आता करा' हे म्हणायचं काम माझं होतं. इथंही तेच आहे. आणि हा एकच साक्षीदार उरलाय असं थोडंच आहे? निम्म्या लोकांना आपण 'थोडक्यात सांगा' म्हणून उठवलंय. मी सभागृहाकडे मुदतवाढ मागते."

मुदतवाढीचा प्रस्ताव येणार त्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून, केस चापूनचोपून बसवून मुलीबरोबर प्रेक्षकांच्या सज्जात हजर झाले. खाली सभागृहात निम्मी बाकं रिकामी होती. अध्यक्षबाई उठल्या आणि एक वाक्य बोलल्या. सदरहू विधेयकावरील अहवाल सादर करण्यासाठी समितीला पुढील अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसापर्यंत मुदत वाढवून मिळावी. सभापतींच्या आसनावरून विचारणा झाली, दोन्ही बाजूंनी "होय, होय" असा पुटपुटल्यासारखा आवाज उठला आणि पुढचा विषय पुकारला गेला. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

बाबांनी मुलीला कोपरानं ढोसलं. "कधी सुरू होणार?"

"झालं."

"झालं?"

"मिळाली मुदत."

बाबांनी कठड्यावरून वाकून खाली बघितलं. मग त्यांनी हात उचलले. "मला एक बिजागरी बसवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो."

तिला हसू आवरेना. सज्जातल्या शिपायानं डोळे वटारले.

पण सगळीकडे हसू नव्हतं. कर्णबधिरांच्या मंडळात, जिथं आठवड्याच्या अखेरीला सगळे जमायचे, तिथं त्या संध्याकाळी हात तलवारीसारखे फिरत होते. दवाखान्याचं कलम सगळ्यांना हवं होतं आणि ते आता एका अधिवेशनानं पुढे गेलं होतं. कुणी म्हणालं, सुतारबाबांचा हट्ट. कुणी म्हणालं, समितीलाच निमित्त हवं होतं. भरतकाम करणारी एक तरुणी होती, दिवस भरत आलेली. नवराही तिच्यासारखाच बहिरा. ती पोटावर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं दुभाषीबाईला सरळ विचारलं, "तुझ्या बापाला वेळ मिळाला, चांगलं झालं. माझ्या बाळंतपणाला कोण मुदतवाढ देणार?"

दुभाषीबाई म्हणाली, "मी येईन. बोलावशील तेव्हा येईन."

बोलावणं आलं तेव्हा ती नेमकी कोर्टात एका साक्षीसाठी दुभाषी म्हणून उभी होती. सुटल्यासुटल्या रिक्षा करून दवाखान्यात पोचली. प्रसूतिकक्षाच्या दारावरच्या परिचारिकेनं अडवलं. "नातेवाईक आहात?"

"दुभाषी आहे. आत जी बाई आहे तिला ऐकू येत नाही."

"मग बाहेर थांबा. आत फक्त नातेवाईक."

"तिचा नवराही बहिरा आहे हो. तिला कोण काय सांगणार?"

"डॉक्टर बघतील," परिचारिका म्हणाली आणि दार लोटलं. तीही काही दुष्ट नव्हती. तिला तसंच सांगून ठेवलेलं होतं.

शेवटी तिला आत सोडलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी झाली होती, गुटगुटीत. बाळंतिणीच्या पोटावर पट्ट्या होत्या. तिला टेबलावर का नेलं, तोंडावर मास्क का चढवला, पोट का कापलं, यातलं तिला काहीच कळलेलं नव्हतं. बाळ गेलं असंच ती धरून चालली होती. दुभाषीबाईनं डॉक्टरांना विचारून तिला समजावलं. बाळाचे ठोके मंदावत होते, थांबायला वेळ नव्हता, जे केलं ते योग्यच केलं.

बाळंतिणीनं सगळं नीट बघून घेतलं. मग अशक्त हातांनी म्हणाली, "बरोबर असेल. पण पोट माझं होतं." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

कायदा वेळेत झाला असता, तरी एवढ्या लवकर त्या दवाखान्यात दुभाषी येऊन बसला नसता, हे दुभाषीबाईला ठाऊक होतं. पण असली गणितं बाळंतिणीपुढे मांडायची नसतात. घरी आल्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं. बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली.

"माझ्यामुळे?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. "थोडंसं."

बाबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी हत्यार परत उचललं नाही. उठता उठता एवढंच म्हणाले, "मग आता साक्ष नीट दिली पाहिजे."

पुढचं अधिवेशन आलं आणि लांबच्या शहरातले मास्तरही आले. उंच, किडकिडीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आदल्या दिवशी त्यांनी बाबांबरोबर दुकानात बसून गप्पा मारल्या, त्यांच्या हातांची लकब समजून घेतली. समितीच्या खोलीत दुभाषीबाई भिंतीलगतच्या रांगेत बसली. हात मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग परत मांडीवर. रिकामे हात कुठं ठेवायचे असतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

बाबांनी हात उचलले आणि मास्तर बोलू लागले. तिला धक्काच बसला. तो आवाज भरदार होता, ठाम होता. बाबांचं बोट समोर गेलं की ती नेहमी 'आपण' म्हणायची. मास्तर सरळ 'तुम्ही' म्हणत होते.

"तुम्ही लिहिलंय, ऐकू येणारा नातेवाईक. मला भाऊ आहे. त्याला ऐकू येतं. पण त्यानं आजवर कुणाचं ऐकलेलं नाही."

सगळी खोली हसली. कंत्राटदार सभासद तर टेबलावर थाप मारून हसले. भिंतीलगत बसलेली ती मात्र गार पडली. हे वाक्य तिला माहीत होतं. बाबांनी कचेरीच्या एका खिडकीपुढे हेच म्हटलं होतं आणि तिनं आतल्या साहेबाला सांगितलं होतं, "माझे बाबा म्हणतात की, काकांशी त्यांचं फारसं जमत नाही." साहेबाला राग येऊ नये, काम अडू नये, म्हणून ती लहानपणापासून बापाच्या शब्दांचे कोपरे रंध्यानं तासत आली होती. पदरचं काही घातलं नव्हतं, पण बरंच काही काढून टाकलं होतं. सगळ्या गावानं ज्या सुतारबाबांना गरीब स्वभावाचा माणूस म्हणून ओळखलं, तो माणूस तिनं घडवला होता. खरा हा इथं बसला होता, बेरकी, तिखट, कुणाला न भिणारा.

बाबा सांगत होते, "माझ्या लग्नाची नोंद झाली तेव्हा मी राजी आहे का, हे माझ्या भावाला विचारलं. मुलगी झाली ते डॉक्टरांनी माझ्या सासूला सांगितलं. बायको दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरांनी बोलावलं कुणाला, तर माझ्या मुलीला. शाळेचा गणवेश होता तिच्या अंगावर. मी काचेच्या दारापलीकडे होतो. तिला काहीतरी सांगितलं आणि डॉक्टर गेले. ती तिथंच उभी राहिली. आपल्या आईचं मरण बापाला कोणत्या खुणेनं सांगायचं, ते शोधत होती. मी काचेतून बघत होतो. मला कळलं होतं. पण तिला वेळ लागत होता, म्हणून मी दार उघडलं नाही."

मास्तर थांबले, कारण हात थांबले होते.

"माझे कान बंद आहेत. डोकं बंद नाही. फसवणाऱ्याला पकडायचं असेल तर सहीच्या वेळी माझ्यासमोर दुभाषी बसवा आणि कागद मला समजावा. माझ्या मुलीला माझ्या सहीखाली उभी करू नका. तिनं पुष्कळ केलं."

ती ओंजळीत तोंड लपवून बसली होती. त्या दिवशी बाबा काचेपलीकडे होते, हे तिला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की, ती बातमी तिनंच त्यांना दिली.

कंत्राटदार सभासदांनी माइक लावला, दिवा लाल झाला, आणि त्यांनी मास्तरांकडे न बघता बाबांकडे बघून विचारलं, "दुभाषी तरी प्रामाणिकच असेल कशावरून?"

"नसेलही," बाबांचं उत्तर आलं. "पण तो लबाड निघाला तर मला त्याच्यावर दावा लावता येईल. नातेवाइकावर लावला तर जेवायला कुठं जाऊ?"

वाढलेल्या मुदतीत समितीनं आणखी माणसं बोलावली. भरतकामवालीही आली, कडेवर मुलगी घेऊन. अहवाल गेला आणि कायदाही झाला. सहीचं कलम बदललं. नातेवाइकाच्या जागी दुभाषी आला. दवाखान्याच्या कलमात 'कापण्याआधी समजावणं' असा मजकूर पडला, पण शेवटच्या घटकेला सभागृहात कुणीतरी खर्चाचं रडगाणं गायलं आणि ते कलम फक्त मोठ्या दवाखान्यांपुरतं राहिलं. भरतकामवाली बाळंत झाली तो दवाखाना लहान होता. ती मंडळात बाबांशी पुन्हा बोलू लागली, पण पूर्वीसारखं मोकळं नाही. बाबांनीही तिची मनधरणी केली नाही. काही गोष्टी रंधा मारून सपाट होत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं.

बापलेकीतही बदल झाला. तिनं एकदा विचारलं, "मी तुझं बोलणं मऊ करून सांगायचे, हे तुला माहीत होतं?"

"समोरच्याच्या तोंडावरून कळायचंच की. मी शिवी दिली आणि माणूस हसून मान डोलवतोय! कळणार नाही का?"

"मग बोलला का नाहीस?"

"लहान होतीस. खिडकीतला माणूस भडकला असता तर ते तुला ऐकावं लागलं असतं, मला नाही." बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. आता ते बँकेत जातात तेव्हा मास्तरांनी नव्यानं तयार केलेला दुसरा दुभाषी घेतात. तिथल्या साहेबाशी त्यांचं दोनदा कडाक्याचं भांडण झालं, असं तिला बाहेरून कळलं. तिला ते ऐकून बरं वाटलं.

पुढे लहान दवाखान्यांनाही ते कलम लावायचं म्हणून दुरुस्तीचं विधेयक आलं. तेही समितीकडे गेलं. ही समिती वेगळी होती. तिनं एकदा मुदतवाढ घेतली, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मंडळातले लोक चिडले. दुभाषीबाई चौकशीला गेली. "आतापर्यंत कुणाकुणाला ऐकलंत?" तिनं तिथल्या सचिवांना विचारलं.

"अजून बैठक झालेली नाही," सचिव म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

बाहेर पडताना तिच्या मनात आलं, वेळ मागणं वेगळं आणि वेळ काढणं वेगळं. सभागृहात मात्र दोन्हीसाठी तेच एक वाक्य उच्चारलं जातं, त्याच सुरात. वरून ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. आत कुणाला बोलावलंय, तेवढं बघितलं की कळतो.

ती घरी न जाता भरतकामवालीकडे गेली. दोघींनी मिळून मंडळाच्या लोकांच्या सह्या घेतल्या, समितीतल्या एकेका सभासदाच्या दारात उभ्या राहिल्या, काहींनी चहा दिला, काहींनी नुसतं थांबवून ठेवलं. अखेर बैठक ठरली. पहिली साक्ष भरतकामवालीची होती.

दुभाषी म्हणून मास्तरांचीच एक विद्यार्थिनी आली होती. भरतकामवालीनं साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि मुलीला दुभाषीबाईच्या मांडीवर ठेवलं.

"रडली तर?"

"बघते मी. तू जा. आणि त्यांनी थोडक्यात सांग म्हटलं तर..."

"तर काय?"

"तुला हवं तेवढं सांग."

दार बंद झालं. मुलीनं थोडी कुरकुर केली, मग हनुवटीवरच्या तिळाला बोट लावून बघितलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. व्हरांड्यात लोकांची ये-जा चालली होती. आत बराच वेळ लागला. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, आणि तिला कसलीच घाई नव्हती.